‘वाइडली’ कुठे बसतं, कुठे बसत नाही

‘हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं.’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला घेतलं की हात आपोआप ‘लार्जली यूज्ड’कडे वळतो. मोठं म्हणजे लार्ज, मग मोठ्या प्रमाणावर म्हणजे लार्जली; हिशोब सरळ वाटतो. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअरही त्याखाली रेघ ओढत नाही, कारण व्याकरणात खोट नाही. खोट अर्थात आहे. आजच्या इंग्रजीत ‘लार्जली’ म्हणजे मुख्यत्वे, बहुतांशी. त्यामुळे ‘धिस मेडिसिन इज लार्जली यूज्ड’ वाचणारा पुढच्या शब्दांची वाट बघत राहतो: मुख्यत्वे कशासाठी? तुम्हाला मात्र सांगायचं होतं की हे औषध पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ लोक वापरतात. त्यासाठीचा शब्द ‘वाइडली’.

ज्यांना इंग्रजी वाचताना फारसं अडत नाही, पण लिहिताना ठेच लागते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बातमी, अहवाल, प्रबंध, नोकरीचा अर्ज, कुठेही हा शब्द लागतो. मराठीतून विचार करणाऱ्याच्या हातून तो निसटतो याचं कारणही साधं आहे. आपलं ‘मोठ्या प्रमाणावर’ एकटंच पाच-सहा इंग्रजी शब्दांची कामं उरकतं. इंग्रजीत ती कामं वाटून दिलेली आहेत.

पायरी १: ‘किती?’ विचारू नका, ‘कुठवर?’ विचारा

‘वाइडली’ हा पसाऱ्याचा शब्द आहे, जोराचा नाही. एखादी गोष्ट किती जोरात, किती खोल, किती जास्त झाली हे तो सांगत नाही. ती किती ठिकाणी, किती जणांत, किती प्रकारांत पसरली आहे एवढंच सांगतो. वाक्य लिहिण्याआधी स्वतःला ‘कुठवर?’ किंवा ‘कुणाकुणात?’ असं विचारा. उत्तर मिळालं तर ‘वाइडली’ बसेल. उत्तर ‘खूप’ एवढंच आलं तर दुसरा शब्द शोधा.

उदाहरण पेनिसिलिनचं घेऊ. ‘पेनिसिलिन वॉज डिस्कव्हर्ड इन १९२८, बट इट वॉज नॉट वाइडली यूज्ड अंटिल द नाइन्टीन फॉर्टीज.’ अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली बुरशीतला हा पदार्थ सापडला. तो औषध म्हणून सर्वदूर पोचायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. मधल्या काळात बदलला तो वापराचा पसारा, आणि वाक्यातला ‘वाइडली’ नेमका त्याच्यावरच बोट ठेवतो. आता त्याच जागी ‘हेविली’ टाकून बघा. ‘नॉट हेविली यूज्ड’ म्हणजे वापर होता, पण भरमसाट नव्हता. गोष्टच बदलली.

पसारा दरवेळी नकाशावरचाच असतो असं नाही. तो माणसांमधला असू शकतो: ‘द रिपोर्ट वॉज वाइडली शेअर्ड’, म्हणजे अहवाल खूप जणांनी एकमेकांना पाठवला. तो आकड्यांमधला असू शकतो. धातूंचे वितळणबिंदू बघा. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसलाच वितळतो, तर टंगस्टनला ३,४०० अंशांच्या वर जावं लागतं. एवढी दोन टोकं असली की इंग्रजी म्हणतं, ‘द मेल्टिंग पॉइंट्स ऑफ मेटल्स व्हेरी वाइडली.’ (हा ‘व्हेरी’ म्हणजे ‘खूप’ नव्हे, तर ‘वेगवेगळं असणं’ हे क्रियापद.) इथे मराठीत आपण ‘मोठी तफावत आहे’ असं नामानं काम भागवतो, म्हणून हा उपयोग आपल्याला पटकन सुचत नाही. आणि पसारा दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेचाही असतो: ‘वाइडली स्पेस्ड ट्रीज’ म्हणजे एकमेकांपासून लांब लांब लावलेली झाडं.

पायरी २: ‘मोठ्या प्रमाणावर’ फोडून बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा रेंगाळू.

‘पुरात मोठ्या प्रमाणावर नुकसान झालं.’ नुकसान एकाच गावाचं असलं तरी हे वाक्य चालतं. आपला भर तीव्रतेवर आहे, म्हणून ‘द व्हिलेज वॉज हेविली डॅमेज्ड’ किंवा ‘बॅडली डॅमेज्ड’. ‘वाइडली डॅमेज्ड’ कुणी लिहीत नाही. नुकसान अनेक गावांत पसरलं असेल तर इंग्रजी क्रियाविशेषण सोडून विशेषणाकडे जातं: ‘वाइडस्प्रेड डॅमेज’. हा ‘वाइडस्प्रेड’ लक्षात ठेवा. नामाच्या आधी जागा असेल तर ‘वाइडली’चं काम बहुतेक वेळा तोच करतो. पावसाचंही तसंच. सर्वदूर पाऊस झाला तर ‘द रेन वॉज वाइडस्प्रेड’, धो धो झाला तर ‘इट रेन्ड हेविली’. ‘इट रेन्ड वाइडली’ मात्र कानाला खटकतं.

‘या घराची मोठ्या प्रमाणावर डागडुजी केली.’ घर एक, काम भरपूर. इथे ‘एक्स्टेन्सिव्हली’ हवा: ‘द हाउस वॉज एक्स्टेन्सिव्हली रिपेअर्ड.’ हा शब्द ‘वाइडली’चा जवळचा नातेवाईक असल्यामुळे गोंधळ होतो. ‘वाइडली यूज्ड’ आणि ‘एक्स्टेन्सिव्हली यूज्ड’ या दोन्हींत फार अंतर नाही हेही खरं. पण एकाच वस्तूवर केलेलं सविस्तर, कसून काम असेल तर ‘एक्स्टेन्सिव्हली’ला पर्याय नाही. एखादं पुस्तक ‘एक्स्टेन्सिव्हली रिव्हाइज्ड’ असतं, एखादं यंत्र ‘एक्स्टेन्सिव्हली टेस्टेड’. एकच पुस्तक ‘वाइडली रिव्हाइज्ड’ होऊ शकत नाही, पण ‘वाइडली रेड’ होऊ शकतं, कारण वाचणारे अनेक असतात.

‘मोठ्या प्रमाणावर उत्पादन’ असेल तर ‘ऑन अ लार्ज स्केल’. ‘उशीर मोठ्या प्रमाणावर त्यांच्यामुळेच झाला’ असेल तर खरोखरच ‘लार्जली’, कारण तिथे अर्थ ‘बहुतांशी’ असा आहे. शब्दकोशातली जोडी न बघता वाक्यातला अर्थ बघायचा, बाकी युक्ती काही नाही.

जाता जाता एक गंमत. १९व्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत ‘लार्जली यूज्ड इन मेडिसिन’ अशी वाक्यं सापडतात, आणि तिथे त्यांचा अर्थ ‘भरपूर वापरलं जातं’ असाच असतो. जुन्या पुस्तकांवर इंग्रजी शिकलेल्या वडीलधाऱ्यांच्या लिखाणात हा प्रयोग दिसला तर तो आभाळातून पडलेला नाही. आज मात्र तो वाचणाऱ्याला चकवतो.

पायरी ३: ‘हायली’ आणि ‘व्हास्टली’पासून वेगळं ठेवा

‘ती वाइडली रिस्पेक्टेड आहे’ म्हणजे तिला मान देणारे खूप जण आहेत. ‘हायली रिस्पेक्टेड’ म्हणजे तिच्याबद्दलचा आदर फार मोठा आहे, मग देणारे मोजके का असेनात. शिफारसपत्र लिहिताना हा फरक कामी येतो. एखाद्या अतिशय अरुंद विषयातल्या संशोधकाला ‘वाइडली नोन’ म्हणणं खोटं ठरेल, ‘हायली रिगार्डेड’ म्हणणं खरं.

तुलना आली की ‘वाइडली’ बाजूला ठेवायचा. ‘हे त्यापेक्षा कितीतरी चांगलं’ याला ‘व्हास्टली बेटर’ किंवा साधं ‘मच बेटर’. ‘वाइडली बेटर’ नाही. पण ‘वाइडली डिफरंट’ चालतं, कारण वेगळेपणात दोन गोष्टींमधलं अंतर असतं आणि अंतर हा पसाराच आहे.

पायरी ४: सोबती शब्द पाठ करा, यादी नव्हे, जोड्या

इंग्रजीत काही शब्दांची एकमेकांशी दोस्ती असते आणि ती का आहे हे विचारून फायदा नसतो. ‘वाइडली’ची दोस्ती मुख्यत्वे क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाशी आहे: वाइडली यूज्ड, वाइडली नोन, वाइडली अक्सेप्टेड, वाइडली बिलीव्ह्ड, वाइडली रिपोर्टेड, वाइडली क्रिटिसाइज्ड, वाइडली स्पोकन. त्यानंतर थोडी विशेषणं: वाइडली अव्हेलेबल, वाइडली डिफरंट, वाइडली अप्लिकेबल. आणि मोजकी अकर्मक क्रियापदं: व्हेरी वाइडली, डिफर वाइडली, ट्रॅव्हल वाइडली, रीड वाइडली. सुरुवातीला एवढ्या जोड्या पुष्कळ झाल्या.

यातली ‘रीड वाइडली’ आपल्यासाठी सोपी आहे, कारण तिचा मराठी सखा तयारच आहे: चौफेर वाचन. ‘शी रीड्स वाइडली’ म्हणजे ती चौफेर वाचते, इतिहासापासून कीटकशास्त्रापर्यंत. आता ‘वाइडली रेड’ बघा. लेखकाबद्दल म्हटलं तर त्याचे वाचक पुष्कळ. वाचकाबद्दल म्हटलं तर त्याचं स्वतःचं वाचन दांडगं, आपण बहुश्रुत म्हणतो तसं. एकच शब्दजोडी दोन्ही टोकांना चालते आणि संदर्भावरून कळते. ‘वाइडली ट्रॅव्हल्ड’ही माणसालाच लागतं: पुष्कळ देश हिंडलेला.

नको त्या जोड्याही ओळखता आल्या पाहिजेत. ‘मी हे पुस्तक वाइडली वाचलं’ असं इंग्रजीत म्हणता येत नाही. वाचणारा एक, पुस्तक एक, मग पसरायला जागाच कुठे? तिथे ‘थरली’ म्हणा किंवा ‘क्लोजली’. ‘आय वाइडली लाइक म्युझिक’ हेही त्याच कारणाने फसतं. सगळ्या प्रकारचं संगीत आवडतं असं म्हणायचं असेल तर तो पसारा नामावर टाका: ‘आय लाइक अ वाइड रेंज ऑफ म्युझिक.’ ‘वाइडली हॅपी’, ‘वाइडली इम्पॉर्टन्ट’ वगैरे तर नकोच; आनंद आणि महत्त्व जोखायला ‘व्हेरी’ आहे.

पायरी ५: वाक्यात कुठे ठेवायचं

सर्वात सुरक्षित जागा म्हणजे सहायक क्रियापद आणि तिसरं रूप यांच्या मध्ये. ‘इज वाइडली यूज्ड’, ‘वॉज वाइडली रिपोर्टेड’, ‘हॅज बीन वाइडली अक्सेप्टेड’. शेवटच्या उदाहरणात सहायक क्रियापदं दोन आहेत. ‘वाइडली’ दुसऱ्याच्या नंतर, तिसऱ्या रूपाला चिकटून येतो. ‘हॅज वाइडली बीन अक्सेप्टेड’ वाचायला मिळतं, पण नवख्याने तिकडे जाऊ नये.

अकर्मक क्रियापद असेल तर नंतर: ‘प्रायसेस व्हेरी वाइडली’, ‘ही ट्रॅव्हल्ड वाइडली’. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये मात्र कधीच नाही. ‘दे यूज वाइडली धिस मेथड’ हे मराठी शब्दक्रमातून आलेलं वाक्य आहे. आपल्याकडे क्रियाविशेषण कुठेही सरकवता येतं, इंग्रजीत तेवढी मुभा नाही.

वाक्याच्या सुरुवातीला ‘वाइडली’ टाकून पुढे स्वल्पविराम देऊ नका. ‘जनरली’ आणि ‘युज्वली’ला ती जागा शोभते, याला नाही. मग ‘सर्वसाधारणपणे लोक असं मानतात’ याचं काय करायचं? ‘पीपल वाइडली बिलीव्ह’ हा पहिला बेत असतो आणि तो अवघडलेला वाटतो, कारण ‘पीपल’मध्ये आधीच अनेक माणसं आहेत आणि ‘वाइडली’ही तेच सांगतो. इंग्रजी इथे कर्त्याला रजा देतं: ‘इट इज वाइडली बिलीव्ह्ड दॅट...’. आपल्या ‘असं मानलं जातं’शी हे तंतोतंत जुळतं, त्यामुळे खरं तर मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. या शब्दाचा निम्मा संसार कर्मणी प्रयोगात आहे हे एकदा ध्यानात आलं की पुष्कळ वाक्यं आपोआप सरळ होतात.

दोन नेहमीच्या रचना एकमेकींत मिसळू देऊ नका. ‘इज वाइडली रिगार्डेड अ‍ॅज द बेस्ट’ यात ‘अ‍ॅज’ लागतो. ‘इज वाइडली कन्सिडर्ड द बेस्ट’ यात तो नसला तरी चालतं.

नकार द्यायचा तर ‘नॉट’ आधी: ‘इट इज नॉट वाइडली नोन’. ‘वाइडली नॉट नोन’ असं होत नाही. आणि उलट अर्थासाठी ‘नॅरोली’ला हात लावू नका. वाइडच्या उलट नॅरो असला तरी ‘नॅरोली’ वेगळ्याच कामाला लागलेला आहे. ‘ही नॅरोली एस्केप्ड’ म्हणजे तो थोडक्यात बचावला. ‘वाइडली नोन’च्या विरुद्ध ‘लिटल नोन’.

तुलनेची रूपं ‘मोर वाइडली’ आणि ‘मोस्ट वाइडली’ अशी होतात: ‘द मोस्ट वाइडली स्पोकन लँग्वेज’. ‘वायडर’ आणि ‘वायडेस्ट’ ही ‘वाइड’ची रूपं आहेत, ती इथे लावायची नाहीत.

जोडरेघेचं एका ओळीत सांगतो: ‘अ वाइडली यूज्ड मेथड’मध्ये जोडरेघ लागत नाही, कारण ‘एल-वाय’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणाचं नातं आपोआप कळतं, ‘अ वेल-नोन मेथड’मध्ये मात्र लागते.

पायरी ६: ‘वाइड’ स्वतःही क्रियाविशेषण आहे

दंतवैद्य तोंड उघडायला सांगताना ‘ओपन वाइड’ म्हणतो, ‘ओपन वाइडली’ नाही. शाळेत शिकवलेल्या ‘क्रियाविशेषणाला एल-वाय लागतो’ या नियमाला हे धरून नाही, म्हणून विद्यार्थी बिचकतात. कारण जुनं आहे. प्राचीन इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’सारखा स्वर जोडून क्रियाविशेषण बनत असे. पुढे तो शेवटचा स्वर उच्चारातून झिजला आणि विशेषण नि क्रियाविशेषण दिसायला एकसारखे झाले. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ हे त्याच वाटेने आले. ‘रन फास्ट’ म्हणताना आपण ‘फास्टली’ शोधत नाही ना, तसंच ‘वाइड’चं.

कामाची वाटणी अशी आहे. उघडण्या-पसरण्याची क्रिया डोळ्यांना दिसत असेल तर ‘वाइड’. दार सताड उघडं असेल तर ‘वाइड ओपन’. टक्क जागा असेल तर ‘वाइड अवेक’. पाय फाकून उभं राहायचं असेल तर ‘लेग्ज वाइड अपार्ट’. दूरदूरहून लोक आले तर ‘फ्रॉम फार अँड वाइड’. आणि नेम चुकून बाजूने गेला तर ‘द शॉट वेन्ट वाइड’. क्रिकेटमधला वाइड चेंडू आपल्या तोंडी बसलेला असल्यामुळे हे शेवटचं समजावून सांगावं लागत नाही.

डोळ्यांना न दिसणारा, माहितीने किंवा आकड्यांनीच कळणारा पसारा असेल तर ‘वाइडली’. वापर, प्रसिद्धी, मतं, फरक हे सगळं त्यात येतं. हास्य तेवढं मधल्या कुंपणावर बसलंय: ‘स्माइल्ड वाइडली’ चालतं, ‘स्माइल्ड ब्रॉडली’ही चालतं.

नामाला चिकटणारा ‘वाइड’ हा तिसरा प्रकार. वर्ल्डवाइड, नेशनवाइड, सिटीवाइड. हे शब्द विशेषणही होतात आणि तसेच्या तसे क्रियाविशेषणही: ‘द बुक इज सोल्ड वर्ल्डवाइड’. याला ‘एल-वाय’ लावून ‘वर्ल्डवाइडली’ करण्याचा मोह पुष्कळांना होतो. करू नका.

पायरी ७: ‘ब्रॉडली’ आणि ‘ओपनली’

ब्रॉड म्हणजे रुंद, वाइड म्हणजेही रुंद, पण ‘एल-वाय’ लागल्यावर दोघे वेगळ्या दिशांना गेले. ‘ब्रॉडली’ म्हणजे ढोबळमानाने, बारकावे सोडून. खालची जोडी एकदा नीट वाचा.

‘द टू साइड्स ब्रॉडली अग्री.’ दोन्ही बाजूंचं मुख्य मुद्द्यांवर एकमत आहे, तपशिलात कुरबुर असू शकते.

‘इट इज वाइडली अग्रीड दॅट द प्लॅन फेल्ड.’ योजना फसली असं पुष्कळ जणांचं मत आहे.

पहिल्यात एकमत किती खोल हे कळतं, दुसऱ्यात ते किती लोकांत हे कळतं. कराराचा मसुदा किंवा बैठकीचा वृत्तान्त लिहिताना हे दोन शब्द अदलाबदल झाले तर वाचणारा भलताच निष्कर्ष काढेल. म्हणूनच ‘ब्रॉडली सिमिलर’ असतं आणि ‘वाइडली डिफरंट’ असतं. ‘वाइडली सिमिलर’ मात्र नसतं. ‘ब्रॉडली स्पीकिंग’ वाक्याच्या सुरुवातीला बिनधास्त येतं, ‘वाइडली स्पीकिंग’ असं काही नाही.

‘ओपनली’ म्हणजे न लपवता, उघडपणे. ‘ओपनली क्रिटिसाइज्ड’ म्हणजे तोंडावर टीका केली. ‘वाइडली क्रिटिसाइज्ड’ म्हणजे सगळीकडून टीका झाली. एकच माणूस ओपनली टीका करू शकतो, वाइडली टीका व्हायला अनेक लागतात.

पायरी ८: ‘वाइडली बिलीव्ह्ड’ लिहिताना सावध

‘नोन’ आणि ‘बिलीव्ह्ड’ या दोन सोबत्यांत खूप फरक आहे. ‘वाइडली नोन’ म्हणजे गोष्ट खरी आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक आहे. ‘वाइडली बिलीव्ह्ड’ म्हणजे पुष्कळांना तसं वाटतं. खरं की खोटं याची हमी लिहिणारा घेत नाही, उलट थोडी शंकाच ध्वनित करतो. कोपर्निकसचं सूर्यकेंद्री मांडणीचं पुस्तक १५४३ साली छापलं गेलं. त्यानंतरही कित्येक वर्षं ‘इट वॉज वाइडली बिलीव्ह्ड दॅट द सन मूव्ह्ड अराउंड द अर्थ’. इथे ‘वाइडली नोन’ घातलं तर सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो असं आपण मान्य केल्यासारखं होईल.

दुसरी सावधगिरी पुराव्याची. ‘इज वाइडली रिगार्डेड अ‍ॅज’ लिहिलं की कुणी मानलं हे न सांगता सगळ्यांनी मानल्याचा आव आणता येतो. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखनशैलीच्या सूचनांत अशा निसरड्या प्रयोगांना ‘वीझल वर्ड्स’ म्हटलंय आणि ‘इट इज वाइडली थॉट’चा त्यात नावानिशी उल्लेख आहे. आधार न देता असं लिहिलं तर दुसरा संपादक शेजारी ‘बाय हूम?’ अशी खूण लावून जातो. प्रबंधात किंवा अहवालात लिहिताना तोच प्रश्न आपण आधी विचारलेला बरा. नावं आणि संदर्भ हाताशी असतील तर तेच द्या, ‘वाइडली’ मग आपोआप गळून पडतो. माझं मत विचाराल तर एका पानात तो दोनदा आला की दुसरा खोडून बघावा.

स्पेलिंग, उच्चार आणि तपासणी

‘वाइड’च्या शेवटचा ‘ई’ ‘वाइडली’मध्ये कायम राहतो. ‘ट्रूली’त तो गळतो म्हणून इथेही गाळायचा नाही. याहून घातक आहे ‘ई’ गळून मध्ये घुसणारा ‘एल’: मग शब्द ‘वाइल्डली’ होतो, आणि तोही खरा शब्द असल्यामुळे स्पेलिंग तपासणी गप्प बसते. ‘वाइडली पॉप्युलर’ म्हणजे पुष्कळ लोकांत लोकप्रिय, ‘वाइल्डली पॉप्युलर’ म्हणजे लोकांनी डोक्यावर घेतलेलं. उच्चारात दोनच अवयव, जोर पहिल्यावर. सुरुवातीचा ‘व’ ओठ गोल करून काढा, वरचे दात खालच्या ओठाला लागू देऊ नका.

एखादी जोडी इंग्रजीत खरंच चालते का, अशी शंका आली तर अंदाज बांधू नका, बघा. गूगलचं एनग्राम व्ह्यूअर फुकट आहे. त्यात ‘वाइडली यूज्ड’ आणि ‘लार्जली यूज्ड’ स्वल्पविरामाने वेगळे करून टाकले की छापील पुस्तकांत दोन्ही किती येतात याच्या रेघा समोर येतात. ‘वाइडली’नंतर जागा सोडून तारांकन टाकलं तर त्याच्यापुढे सर्वाधिक येणारे दहा शब्द दिसतात. कोका हा अमेरिकन इंग्रजीचा १९९० ते २०१९ मधला, १०० कोटींहून जास्त शब्दांचा संग्रह आहे. त्यात तर प्रत्येक जोडीची मूळ वाक्यंच वाचायला मिळतात. नियम पाठ करण्यापेक्षा अशी वीस वाक्यं वाचलेली जास्त उपयोगी पडतात.

आता हाताने करून बघा

उत्तराकडे बघण्याआधी प्रत्येक वाक्याचं इंग्रजी कागदावर लिहा.

‘ही पद्धत आता सर्वत्र स्वीकारली गेली आहे.’ ‘धिस मेथड इज नाउ वाइडली अक्सेप्टेड.’ ‘सर्वत्र’ या शब्दानेच कुठवरचं उत्तर दिलंय.

‘दार सताड उघडं होतं.’ ‘द डोअर वॉज वाइड ओपन.’ डोळ्यांना दिसतंय, म्हणून ‘एल-वाय’ नाही.

‘पुलाच्या आराखड्यात मोठ्या प्रमाणावर बदल केले.’ आराखडा एक, बदल पुष्कळ: ‘द डिझाइन वॉज एक्स्टेन्सिव्हली चेंज्ड.’

‘उशीर मुख्यत्वे पावसामुळे झाला.’ ‘द डिले वॉज लार्जली ड्यू टू रेन.’ ‘लार्जली’ची हीच हक्काची जागा.

‘दोघींचे निष्कर्ष ढोबळमानाने सारखेच आहेत.’ ‘देअर फाइंडिंग्ज आर ब्रॉडली सिमिलर.’

‘ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही.’ इथे दोन उत्तरं होतात आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘इट इज नॉट वाइडली नोन’ म्हटलं तर ठराविक वर्तुळात ती ठाऊक असायला जागा राहते: तज्ज्ञांना माहीत, बाकीच्यांना नाही. ‘इट इज लिटल नोन’ म्हटलं तर एकूणच अंधार जास्त. तुमच्या वाक्यातला ‘फारसं कुणी नाही’ यांतला कोणता आहे, हे आधीच्या परिच्छेदात तुम्ही काय लिहिलंय त्यावर ठरवा.